आयमॅक्स, डॉल्बी, स्क्रीनएक्स: जास्तीचं तिकीट नेमकं कशाचं?

२०२५ मध्ये पुण्यात खराडीच्या सिटी प्राइड मल्टिप्लेक्समध्ये देशातलं पहिलं 'डॉल्बी सिनेमा' थिएटर सुरू झालं. त्याच वर्षी ख्रिस्तोफर नोलनच्या 'द ओडिसी'ची काही मोजक्या परदेशी आयमॅक्स थिएटरांतली तिकिटं प्रदर्शनाच्या वर्षभर आधी विक्रीला निघाली आणि लोकांनी ती उचलली. दिवाळी २०२६ साठी जाहीर झालेला 'रामायण'ही आयमॅक्सला नजरेसमोर ठेवून बनतोय. म्हणजे येत्या काळात तिकीट काढताना टूडी, थ्रीडी, आयमॅक्स, डॉल्बी अ‍ॅटमॉस, फोरडीएक्स, स्क्रीनएक्स, पीएक्सएल, बिगपिक्स ही नावांची माळ आणखी लांबत जाणार. सिनेमा एकच, शहर एकच, पण एका शोचं तिकीट दुसऱ्याच्या दुप्पट. हा फरक कशाचा, हे काउंटरवर कोणी सांगत नाही आणि अ‍ॅपवरही लिहिलेलं नसतं.

महाग तिकिटात चारपैकी काहीतरी विकलं जातं: पडदा केवढा आहे, त्याचा आकार कसा आहे, त्यावर उजेड किती पडतो आणि कानावर काय येतं. बाकी सगळी सजावट. पण या चारांपैकी आपण पाहणार तो सिनेमा कशाचा फायदा घेऊ शकतो, हे प्रत्येक वेळी वेगळं असतं. त्यामुळे 'सगळ्यात भारी फॉरमॅट कुठला' या प्रश्नाला एकच उत्तर मिळणार नाही. आधी सिनेमा कसा बनवलाय ते पाहायचं, मग थिएटर निवडायचं.

## पडद्याचा आकार

चित्राची रुंदी उंचीच्या किती पट आहे, त्या आकड्याला आस्पेक्ट रेशो म्हणतात. आपण नुसतं 'प्रमाण' म्हणू. जुन्या टीव्हीचं प्रमाण १.३३, म्हणजे जवळपास चौकोनी. आजच्या घरच्या टीव्हीचं १.७८. थिएटरात मुख्यतः दोन प्रमाणं चालतात: १.८५, ज्याला धंद्यातले लोक 'फ्लॅट' म्हणतात, आणि २.३९, म्हणजे 'स्कोप'. आपल्याकडचे बहुतेक मोठे हिंदी आणि दाक्षिणात्य सिनेमे स्कोपमध्ये असतात. आयमॅक्समध्ये आणखी दोन प्रमाणं आहेत, १.९० आणि १.४३. सगळा घोळ या दोन आकड्यांपाशी होतो, त्यांच्याकडे पुढे येऊ.

लग्नातला आडवा ग्रुप फोटो समजा आपल्याला जवळपास चौकोनी फ्रेममध्ये बसवायचा आहे. दोनच मार्ग आहेत. वर-खाली कोरी पट्टी सोडायची, नाहीतर फोटो मोठा करून कडेला उभे असलेले मामा-मामी कापायचे. सिनेमा आणि पडदा यांचं प्रमाण जुळलं नाही की हाच पेच पडतो. थिएटरं साधारणपणे पट्टी सोडतात. टीव्ही चॅनलांनी वर्षानुवर्षं मामा-मामी कापले.

## इतके आकार आले कुठून?

पस्तीस एमएमच्या फिल्मवर सुरुवातीला १.३३ची चौकट होती. बोलपट आल्यावर आवाजाच्या पट्टीसाठी जागा काढावी लागली आणि १९३२ मध्ये हॉलीवूडने १.३७ हे प्रमाण ठरवलं. प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६) याच जवळपास चौकोनी चौकटीतला आहे. आजच्या रुंद पडद्यावर तो दाखवला तर डाव्या-उजव्या बाजूला काळं दिसणारच, आणि तेच बरोबर आहे. पडदा भरावा म्हणून तो ताणला किंवा वर-खाली कापला, तर दामले-फत्तेलाल यांनी बांधलेली चौकटच मोडते.

१९५०च्या दशकात अमेरिकेत घरोघरी टीव्ही आला. थिएटरांना गिऱ्हाईक टिकवायचं होतं, म्हणून टीव्हीला जमणार नाही एवढं रुंद चित्र दाखवायची चढाओढ लागली. १९५३ मध्ये सिनेमास्कोप आलं. आँरी क्रेत्याँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने बनवलेली खास भिंग यात कामाला आली: कॅमेऱ्यावरची भिंग रुंद दृश्य आडवं दाबून फिल्मवर बसवते आणि प्रोजेक्टरवरची भिंग ते पुन्हा पसरवते. फिल्मची पट्टी हातात धरून उजेडात पाहिली तर माणसं काडीसारखी उंच आणि बारीक दिसत. जत्रेतल्या तंबूत किंवा तालुक्याच्या टॉकीजमध्ये ऑपरेटर ती स्कोपची भिंग लावायला विसरला, की पडद्यावर नायक-नायिका तशाच सुकलेल्या दिसायच्या आणि प्रेक्षक शिट्ट्या मारून भिंग लावून घ्यायचे. भारतात हे तंत्र १९५९ मध्ये 'कागज के फूल'ने पहिल्यांदा वापरलं.

मग सत्तर एमएम. फिल्म दुप्पट रुंद, चित्राचं प्रमाण २.२०. आपल्याकडे हा शब्द घरोघरी नेला तो 'शोले'ने (१९७५), पण तो मुळात पस्तीस एमएमवर चित्रित झाला होता. वर-खालचा भाग कापून आणि चित्र मोठं करून त्याच्या सत्तर एमएमच्या प्रती काढल्या. मुंबईत मिनर्व्हाला तो पाच वर्षांहून जास्त चालला तो या रुंद चित्रावर आणि स्टिरिओ आवाजावर. म्हणजे 'कशावर चित्रित केला' आणि 'कशावर दाखवला' या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे आपल्या सर्वांत गाजलेल्या सिनेमातच दिसतं. आजच्या जाहिरातींत हाच फरक बऱ्याचदा झाकला जातो.

## रुंद म्हणजे मोठा, असंच ना?

नाही. ते थिएटरच्या भिंतीवर अवलंबून आहे.

दोन हॉल घेऊ, दोन्हींचे पडदे ५० फूट रुंद. पहिल्याचा पडदा स्कोपच्या मापाचा, म्हणजे उंची सुमारे २१ फूट. दुसऱ्याचा फ्लॅटच्या मापाचा, उंची २७ फूट. स्कोप सिनेमा दोन्हीकडे सारखाच दिसेल, ५० बाय २१. दुसऱ्या हॉलमध्ये फक्त वर-खाली मोकळा पडदा उरेल. फ्लॅट सिनेमा मात्र पहिल्या हॉलमध्ये आक्रसून ३९ फुटांवर येतो आणि दोन्ही कडांना जागा रिकामी राहते. त्याच हॉलमध्ये काल सिनेमा मोठा दिसला आणि आज छोटा, असं वाटतं ते यामुळे.

पूर्वी ही रिकामी जागा झाकायला काळे मखमली पडदे असत. सिनेमा सुरू व्हायच्या आधी ते सरकत सरकत चित्राच्या कडेला येऊन थांबायचे. नव्या मल्टिप्लेक्समधून ते बहुतेक नाहीसे झाले. उरलेल्या पट्टीवर प्रोजेक्टरचा करडा उजेड सांडत राहतो आणि चित्राची कड विरघळल्यासारखी दिसते. खर्च वाचवण्यासाठी ही चांगली सोय सोडून दिली गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्या काळ्या कडेमुळे चित्र उठून दिसायचं.

## आयमॅक्स म्हणजे कुठलं आयमॅक्स?

मूळ आयमॅक्स ही कॅनडाची निर्मिती, पहिलं दर्शन १९७० च्या ओसाका जागतिक प्रदर्शनात. त्यात सत्तर एमएमचीच फिल्म, पण उभी न पळता आडवी पळते, आणि एकेक चौकट फिल्मच्या कडेच्या पंधरा छिद्रांएवढी रुंद. साध्या पस्तीस एमएमच्या चौकटीपेक्षा ही चौकट नऊ-दहा पट मोठी. प्रमाण १.४३, त्यामुळे पडदा पाच-सहा मजली इमारतीएवढा उंच करता येतो. मुंबईकरांना वडाळ्याचं घुमटाकार आयमॅक्स थिएटर आठवत असेल. हैदराबादला प्रसाद्‌मध्ये २००३ साली ७२ फूट उंच आणि ९५ फूट रुंद पडदा उभा राहिला होता. पण फिल्मचं हे प्रकरण अवजड आणि महाग. 'ओपनहायमर'ची (२०२३) अशी एक प्रत सुमारे १८ किलोमीटर लांब आणि २७० किलोच्या आसपास वजनाची होती. ती दाखवणारी थिएटरं जगभरात ३० होती आणि त्यांत भारतातलं एकही नव्हतं.

२००८ पासून आयमॅक्सने डिजिटल वाट धरली. मल्टिप्लेक्समधला आहे तो मोठा हॉल घ्यायचा, पुढच्या काही रांगा काढायच्या, किंचित वक्र पडदा प्रेक्षकांच्या जवळ आणायचा आणि दोन डिजिटल प्रोजेक्टर लावायचे. या पडद्याचं प्रमाण १.९०. पुढे झेनॉन दिव्यांच्या जागी लेझर आले, चित्र उजळ आणि धारदार झालं. आपल्या मल्टिप्लेक्समधले आयमॅक्स पडदे याच १.९० जातीचे आहेत. पाटी तीच, पण १.४३च्या पडद्यावरचं चित्र तेवढ्याच रुंदीला ३३ टक्के जास्त उंच असतं. दोन्हींना एकाच नावाने विकणं मला पटत नाही. अमेरिकेत २००९ मध्ये यावर चांगलाच गदारोळ झाला होता, तरी पाटी बदलली नाही.

मग आपलं आयमॅक्स फसवं का? तसंही नाही. पडदा शेजारच्या साध्या ऑडीपेक्षा (ऑडिटोरियम, म्हणजे हॉल) बहुधा मोठा असतो, प्रोजेक्टरची निगा कंपनीच्या देखरेखीखाली ठेवली जाते आणि आवाज नीट जुळवलेला असतो. पण त्या उंचीचा खरा उपयोग सिनेमा १.९०मध्ये बनवला असेल तरच होतो. कॅमेरे आणि चौकट आयमॅक्सच्या निकषांनुसार ठेवून बनवलेल्या सिनेमांवर 'फिल्म्ड फॉर आयमॅक्स' असं लिहिलेलं असतं. अशा सिनेमात, निदान काही प्रसंगांत, चित्र वर-खाली उघडतं आणि स्कोपपेक्षा २६ टक्के जास्त दिसतं. बाकीचे सिनेमे फक्त आयमॅक्ससाठी नव्याने साफसूफ करून दिलेले असतात. २०१३चा 'धूम ३' आपल्याकडे असा पहिला. असा स्कोप सिनेमा आयमॅक्समध्ये लागला की पडद्याचा जवळपास पाचवा भाग रिकामाच राहतो. त्या वेळी तुम्ही पैसे मोजता ते रुंदी, उजेड आणि आवाज यांचे.

## म्हणजे साध्या थिएटरात मला कापलेला सिनेमा मिळतो?

ही शंका रास्त आहे, आणि पुष्कळ जण यावरून चिडतात. दिग्दर्शक आणि छायाचित्रकार चित्रीकरणाच्या वेळीच मॉनिटरवर दोन्ही चौकटी आखून घेतात. महत्त्वाचं सगळं आतल्या, स्कोपच्या चौकटीत बसवतात. वरच्या-खालच्या पट्ट्यांत आभाळ, जमीन, छत असं येतं. त्यामुळे स्कोपमध्ये गोष्टीतलं काही निसटत नाही. उंच चित्रात मिळते ती जागेची जाणीव: डोंगर उंच वाटतो, माणूस त्याच्यासमोर लहान वाटतो. काही सिनेमे उलट स्कोपमध्येच जास्त बांधेसूद दिसतात, कारण छायाचित्रकाराने मनात तीच चौकट धरलेली असते.

२०२५च्या 'सिनर्स'ने हे फार सुंदर दाखवलं. तो दोन टोकांच्या फिल्म प्रकारांत चित्रित झाला, एक २.७६ इतकं लांबट आणि दुसरं आयमॅक्सचं १.४३. आयमॅक्स पडद्यावर काही प्रसंगांत चित्र उघडतं, तर साध्या पडद्यावर सगळा सिनेमा त्या लांबट पट्टीतच दिसतो. दिग्दर्शक रायन कूगलरने फिल्मच्या पट्ट्या हातात धरून हे फरक समजावणारा व्हिडिओ केला आणि तो लाखो लोकांनी पाहिला. म्हणजे लोकांना हे कळून घ्यायचं असतं. थिएटरवाले सांगत नाहीत, एवढंच.

## डॉल्बी सिनेमात वेगळं काय?

आयमॅक्सचा भर आकारावर, तर डॉल्बीचा काळ्या रंगावर. सध्याच्या साध्या ऑडीत रात्रीचा प्रसंग नीट बघा. काळोख काळा नसतो, धुरकट करडा असतो, कारण प्रोजेक्टर पूर्ण अंधार पाडू शकत नाही. त्या करड्यात काळ्या घोड्यावरचा काळा स्वार हरवून जातो. डॉल्बी सिनेमातले दोन लेझर प्रोजेक्टर सर्वांत उजळ आणि सर्वांत काळ्या ठिपक्यातला फरक दहा लाखास एक इतका असल्याचा दावा करतात. साध्या डिजिटल प्रोजेक्टरला काही हजारांची मजल गाठता येते. शिवाय उजेडही जास्त: थिएटरातल्या पडद्याचं ठरलेलं तेज ४८ निट्स (निट हे उजेड मोजायचं माप), डॉल्बीत सुमारे १०८. हॉलच्या भिंती, छत, खुर्च्या सगळं गडद, म्हणजे पडद्यावरचा उजेड परतून चित्रावर येत नाही.

अर्थात सिनेमाचा रंग आणि उजेड या तंत्रासाठी वेगळा बसवून दिलेला असला तरच पूर्ण फायदा. तसा नसेल तरी चित्र चांगलं दिसेल, पण जास्तीचे पैसे वसूल झाल्यासारखं वाटेलच असं नाही.

इथे एक गोंधळ सर्रास होतो. 'डॉल्बी अ‍ॅटमॉस' लिहिलेली ऑडी म्हणजे डॉल्बी सिनेमा नव्हे. अ‍ॅटमॉस हे फक्त आवाजाचं तंत्र, २०१२ पासूनचं, आणि ते महाराष्ट्रातल्या कितीतरी साध्या ऑडींत आहे. पूर्वी आवाज 'डावीकडचे स्पीकर', 'मागचे स्पीकर' असा गटागटाने वाटला जायचा. अ‍ॅटमॉसमध्ये प्रत्येक आवाजाला हॉलमधली नेमकी जागा देता येते आणि छतावरही स्पीकर असतात. पाऊस खरंच डोक्यावर पडतो, हेलिकॉप्टर मागून येऊन वरून पुढे जातं. आयमॅक्समध्ये अ‍ॅटमॉस नसतं, तिथे आयमॅक्सची स्वतःची ध्वनियंत्रणा असते, लेझर थिएटरांत बारा चॅनलची. संगीतप्रधान सिनेमा असेल तर मी उंच पडद्याऐवजी चांगली अ‍ॅटमॉस ऑडी निवडेन.

## आणि हलणाऱ्या खुर्च्या?

फोरडीएक्समध्ये खुर्ची हलते, वारा येतो, पाणी उडतं. मुलांना घेऊन जायला मजेचं आहे, पण चित्राचा दर्जा त्याने वाढत नाही. स्क्रीनएक्समध्ये समोरच्या पडद्याबरोबर दोन्ही बाजूंच्या भिंतींवरही चित्र येतं. दोन्ही तंत्रं एकाच कोरियन कंपनीची. भिंतींवरचं चित्र सबंध सिनेमाभर नसतं, ठरावीक प्रसंगांतच उघडतं, आणि बाजूच्या भिंती पडद्याइतक्या उजळ नसतात. मैफिलीच्या सिनेमाला, जिथे चहूबाजूंनी गर्दी असते, ते शोभतं. दोन माणसं खोलीत बसून बोलत असतील तर तिथे त्याचं काही काम नाही.

पीएक्सएल, बिगपिक्स, मॅक्रो एक्सई ही मल्टिप्लेक्स साखळ्यांनी स्वतःच्या मोठ्या पडद्यांना दिलेली नावं. त्यांचा दर्जा जागेगणिक बदलतो. एखादा पडदा आयमॅक्सच्या तोंडात मारेल असा असतो, तर एखादा नावापुरता. पडदा किती फूट रुंद आणि प्रोजेक्टर लेझर आहे का, एवढे दोन प्रश्न विचारले की पुरे. आंध्रातल्या सुल्लुरपेटसारख्या छोट्या गावात शंभर फुटांहून रुंद पडदा आहे, तो क्यूब या भारतीय कंपनीच्या एपिक मालिकेतला. मोठ्या पडद्यासाठी मोठं शहरच लागतं असं नाही.

## खुर्ची कुठली घ्यावी?

पडदा जेवढा रुंद तेवढ्याच अंतरावर तुम्ही बसलात, तर तो नजरेचा सुमारे ५३ अंशांचा कोन व्यापतो. दुप्पट अंतरावर गेलात की २८ अंश. म्हणजे ७० फुटांच्या पडद्यासमोर शेवटच्या रांगेत बसण्यात आणि ४० फुटांच्या पडद्यासमोर मधल्या रांगेत बसण्यात डोळ्यांना फारसा फरक जाणवत नाही. बाल्कनीच्या जुन्या सवयीने आपण सगळ्यात मागची, सगळ्यात महाग सीट घेतो आणि आयमॅक्सचे निम्मे पैसे तिथेच घालवतो. हॉलच्या दोन-तृतीयांश मागे, बरोबर मध्यभागी बसा. चित्र डोळ्यांत मावतं आणि चारही बाजूंचा आवाज सारखा पोचतो. फार उंच पडद्यासमोर पुढच्या रांगा टाळा, मान अवघडते आणि वरचा भाग पाहायचा राहून जातो.

## आमच्या गावात एकच थिएटर आहे, तिथे काय?

तिथे सगळ्यात आधी उजेड बघा. झेनॉनचा दिवा वापरून वापरून मंद होतो आणि खर्च वाचवायला तो मुदतीनंतरही चालवला जातो. चित्र मळकट, चेहरे सावळलेले, रात्रीचे प्रसंग कळत नाहीत, असं दिसलं तर दोष बहुधा सिनेमाचा नाही. थ्रीडीत चष्म्यामुळे निम्म्याहून जास्त उजेड आधीच जातो, म्हणून जुना दिवा असलेल्या ठिकाणी थ्रीडी अजिबात घेऊ नका, त्याच सिनेमाचा टूडी शो बघा. थ्रीडीसाठी प्रोजेक्टरसमोर बसवलेला फिल्टर टूडी शोच्या वेळी तसाच राहून गेला, तरीही चित्र अंधारतं.

अशा वेळी मध्यंतराची वाट न पाहता उठून मॅनेजरला सांगा. 'चित्र अंधुक आहे, फिल्टर काढलाय का बघा', इतकंच म्हणा. फिल्टर असेल तर तो दोन मिनिटांत निघतो. स्कोप सिनेमा कडेला कापला जात असेल किंवा माणसं ताणलेली दिसत असतील, तर तेही प्रोजेक्टरच्या सेटिंगमधलं एक बटण असतं, आणि सांगितल्याशिवाय ते कोणी दाबत नाही, कारण शो चालू झाल्यावर प्रोजेक्शन रूममध्ये आता बहुधा कोणी बसलेलंच नसतं.